लोहपुरुष घरी परततो तेव्हा
दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीनंतर शरीर सावरावे कसे, आणि कमावलेला दम टिकवावा कसा?

शर्यत म्हटली की आपले सारे लक्ष तिच्या शेवटच्या क्षणावर खिळलेले असते. स्पर्धक अखेरची रेषा ओलांडतो, टाळ्या वाजतात, गळ्यात पदक पडते, छायाचित्रे निघतात आणि बातमी तिथेच संपते. परंतु ज्याने ती शर्यत पुरी केली, त्याचे शरीर काही त्या रेषेपाशी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अंथरुणातून उठायचे असते, जिना उतरायचा असतो आणि रजा संपली की कचेरी गाठायची असते. शर्यतीची तयारी कशी करावी हे सांगणारे गुरू आज गल्लोगल्ली भेटतात. शर्यत झाल्यावर काय करावे हे सांगणारा मात्र विरळा. म्हणून यंदाच्या दिवाळीत त्या दुर्लक्षित अध्यायाकडे वळू या.

गेल्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक नवेच वेड शिरले आहे. पूर्वी गॅलरीत कुंड्या असत. आता तिथे हजारो रुपयांची सायकल भिंतीला टेकलेली दिसते. दोरीवर पोहण्याचा पोशाख वाळत असतो, आणि बँकेत किंवा कारखान्यात नोकरी करणारा चाळिशीचा गृहस्थ पहाटे साडेचारला घराबाहेर पडतो. या वेडाचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. आणि तेही एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झुरिकची ‘आयर्नमॅन’ शर्यत पुरी केली, तेव्हा अनेक मराठी घरांत हा शब्द प्रथम पोहोचला. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर या शर्यतीची निम्मी आवृत्ती भरली आणि ती पुण्या-मुंबईच्या मंडळींना अगदी हाकेच्या अंतरावर आली.

पैजेतून जन्मलेली शर्यत

या शर्यतीचा जन्म मोठा गमतीचा आहे. हवाई बेटांतील ओआहू येथे अमेरिकी आरमारातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी राहत असत. सगळ्यांत तगडा खेळाडू कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, हा वाद मित्रमंडळींत रंगला. तेव्हा कॉलिन्स यांनी तोडगा काढला की, त्या बेटावर होणाऱ्या तिन्ही प्रकारच्या मोठ्या स्पर्धा एकाच दिवशी जोडून टाकाव्या. जो जिंकेल त्याला लोहपुरुष म्हणावे! १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण समुद्रात उतरले, त्यांतले १२ जण शेवटपर्यंत पोहोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांनी त्याला चक्क बियर पाजली, अशी कथा आहे. वाचकांनी हा पाठ गिरवू नये हे सांगायला नकोच.

अंतरे आजही तीच आहेत. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची पुरी मॅरेथॉन. बहुतेक ठिकाणी यासाठी १७ तासांची मुदत असते. गोव्यात होते ती याच्या निम्मी, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. १८० किलोमीटर म्हणजे मुंबईहून पुणे गाठून वर आणखी बरीच रपेट. त्यानंतर धावायला निघायचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रकरणाचे गांभीर्य कळते.

शरीराच्या आत काय घडते?

अशा शर्यतीत साधारण आठ ते दहा हजार उष्मांक खर्च होतात. बैठ्या माणसाला चार-पाच दिवस पुरावी एवढी ही शिदोरी झाली. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो सारा मिळून चार-पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार उष्मांकांच्या आतबाहेर. वाटेत खाल्लेले आणि अंगची चरबी यांवर उरलेला गाडा ओढावा लागतो. म्हणून शर्यत संपते तेव्हा शरीराचे कोठार अक्षरशः झाडून रिकामे झालेले असते.

पण कोठार भरणे हे त्या मानाने सोपे काम. खरी मोडतोड होते ती स्नायूंच्या तंतूंची. धावताना प्रत्येक पावलागणिक मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. हजारो पावलांनंतर त्याच्या सूक्ष्म तंतूंना चिरा पडतात. स्नायूंतील द्रव्ये रक्तात झिरपतात, अंगात दाह उठतो. दुखणे लगेच नव्हे, तर एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. जिना चढताना नाही, पण उतरताना डोळ्यांतून पाणी काढते ते यामुळेच.

ऑस्ट्रियातील संशोधकांनी अशा शर्यतीनंतर स्पर्धकांचे रक्त वेळोवेळी तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पाच दिवसांनंतरही दाहाच्या आणि स्नायूंच्या हानीच्या खुणा रक्तात शिल्लक होत्या. १९ दिवसांनी त्या बव्हंशी ओसरल्या होत्या. या एकाच माहितीत आपल्या साऱ्या लेखाचे सार आहे. दुखणे चार-पाच दिवसांत जाते, पण दुरुस्ती तीन आठवडे चालू राहते. भिंतीचा रंग वाळला म्हणून आतला गिलावा वाळला असे होत नाही. जे खेळाडू पुढे महिनोन्‌महिने गुडघा किंवा पोटरी धरून बसतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची चूक शर्यतीत झालेली नसते, ती दहाव्या दिवशी झालेली असते.

पहिले तीन दिवस

रेषा ओलांडल्यावर एकदम आडवे होऊ नये. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे, ओले कपडे बदलावे, सावली गाठावी. पायांत रक्त साचून भोवळ येण्याचा संभव असतो, तो चालण्याने टळतो. मग पोटाकडे वळावे. पहिल्या काही तासांत दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक ग्रॅम पिष्ट पदार्थ पोटात जावे, असे आहारशास्त्र सांगते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला साठ ग्रॅम. दोन मध्यम केळी आणि एखादा गूळपोहे किंवा चिक्कीचा तुकडा, एवढ्यात हे भागते.

त्यासाठी परदेशी डबे हवेतच असे नाही. आपल्या स्वयंपाकघरात आजाऱ्यासाठी जे जे शिजते, ते सारे इथे कामास येते. मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ भात-वरण-तूप, मेतकूट, ताक, केळी, उकडलेला बटाटा, शेवयांची खीर. पोट बारा-पंधरा तास हिंदकळलेले असते. त्याला पहिल्याच रात्री तर्रीदार मिसळ दाखवणे हा अन्याय होय. दुसऱ्या दिवसापासून प्रथिनांकडे लक्ष द्यावे, कारण चिरलेले तंतू त्यांच्यावाचून सांधत नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम प्रथिने असतात. दर जेवणाला वीस-पंचवीस ग्रॅमांचा हिशेब जमवायचा तर शाकाहारी घरात डाळीच्या जोडीला दही, पनीर, उसळ, शेंगदाणे यांची सांगड घालावीच लागते. नुसता पोळी-भाजीवर हा हिशेब बसत नाही. 

पाण्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो. परंतु घामावाटे मीठ गेलेले असताना नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि जिवावर बेतू शकते. तहानेइतके प्यावे, आणि त्याबरोबर ताक, सरबत, पेज असे काही खारट घ्यावे.

झोप हे सर्वांत मोठे औषध. गंमत अशी की पहिल्या रात्री ती येतच नाही. पाय ठणकतात, डोक्यात शर्यत चालू असते. त्याची चिंता करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शरीर आपली थकबाकी वसूल करते. हलक्या हाताने तेल लावून घेतल्याने बरे वाटते, पण पहिल्या दोन दिवसांत रगडून घेणे टाळावे. तसेच, अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्यांचा मारा करू नये. शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्यांतल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

या तीन दिवसांत व्यायाम म्हणजे फक्त चालणे. सकाळी पंधरा मिनिटे, संध्याकाळी पंधरा मिनिटे. देवळापर्यंत किंवा भाजीबाजारापर्यंत.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

घरच्या मंडळींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. लघवी काळ्या चहासारखी गडद होणे. शर्यतीनंतर काही तासांत डोके अतिशय दुखणे, वारंवार उलट्या, बरळणे किंवा गुंगी. छातीत दुखणे, दम लागणे. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे. यांपैकी काहीही दिसले तर ‘थकवा असेल, झोपू दे’ असे म्हणू नये. तडक डॉक्टर गाठावा आणि शर्यतीची हकीकत त्यांना आधी सांगावी.

पुढचे चार आठवडे

चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणे ओसरते आणि मन उचल खाऊ लागते. हाच कसोटीचा काळ. पुरी शर्यत केलेल्याने साधारण असा क्रम ठेवावा.

पहिल्या आठवड्याच्या उत्तरार्धात वीस मिनिटे संथ पोहणे किंवा सपाट रस्त्यावर सायकलचा फेरफटका. पाण्यात शरीराचा भार पडत नाही, म्हणून पोहण्यापासून आरंभ करणे सर्वांत शहाणपणाचे. धावणे वर्ज्य.

दुसऱ्या आठवड्यात पोहणे आणि सायकल, तीस ते पंचेचाळीस मिनिटे, बोलता येईल इतक्याच वेगाने. जिना उतरताना काडीचेही दुखत नसेल तर आठवड्याच्या अखेरीस दहा-पंधरा मिनिटे मंद धावून पाहावे.

तिसऱ्या आठवड्यात वीस ते तीस मिनिटांचे धावणे, एक दिवस आड. जोर-बैठका हलक्या संख्येने सुरू कराव्या.

चौथ्या आठवड्यात पूर्वीच्या सरावाच्या निम्मे तास. जोराचा सराव किंवा नवी शर्यत यांचे नाव सहा आठवड्यांपूर्वी काढू नये. निम्मी शर्यत केलेल्याला हाच क्रम साधारण निम्म्या काळात उरकता येईल. चाळिशी ओलांडलेल्यांनी मात्र प्रत्येक टप्प्याला दोन-चार दिवस जादा द्यावे; त्यात कमीपणा नाही.

हा क्रम म्हणजे काही पंचांग नव्हे. शरीर काय म्हणते ते पाहण्याची एक बिनखर्चाची युक्ती आहे. शर्यतीपूर्वीच्या निवांत दिवसांत, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजावी आणि कॅलेंडरवर टिपून ठेवावी. शर्यतीनंतर ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त राहत असेल, झोप मोडत असेल, जेवणावर वासना नसेल, लहानसहान गोष्टींवरून चिडचीड होत असेल, तर त्या दिवशी सुटी. नाडी खोटे बोलत नाही, हौस बोलते.

मनाची उतरण

आणखी एक दुखणे असते, ते रक्ततपासणीत दिसत नाही. आठ-दहा महिने एकाच तारखेकडे डोळे लावून जगलेल्या माणसाची ती तारीख उलटून जाते आणि मग त्याला सकाळ रिकामी वाटू लागते. मुलीच्या लग्नाची धावपळ संपल्यावर, मांडव उतरवल्यावर घर जसे खायला उठते, तसाच हा प्रकार. कुणी उदास होतो, कुणी पुढच्याच आठवड्यात नव्या शर्यतीची प्रवेश-फी भरून मोकळा होतो. हे दुसरे लक्षण अधिक धोक्याचे. उदासीनता पंधरा-वीस दिवसांत बहुधा आपोआप निवळते. महिना उलटूनही निवळत नसेल तर मात्र जाणत्या वैद्यकाचा सल्ला घेण्यात संकोच करू नये.

जिद्द आणि अविचार यांतली रेघ फार बारीक आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईच्या शर्यतीत ज्युली मॉस ही तरुणी स्त्रियांत आघाडीवर असताना अखेरच्या रेषेच्या जवळ कोसळली, उठली, पुन्हा कोसळली. कॅथलीन मकार्टनी तिला मागे टाकून गेली. तरी ज्युलीने रांगत रांगत रेषा गाठली आणि केवळ २९ सेकंदांच्या फरकाने दुसरी आली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून कित्येकांनी या खेळाची दीक्षा घेतली. ते दृश्य वंदनीय आहेच. पण जे शर्यतीच्या शेवटच्या वीस पावलांत शोभते, ते शर्यतीनंतरच्या वीस दिवसांत शोभत नाही.

कमावलेले किती दिवस पुरते?

‘महिनाभर विश्रांती घेतली तर सगळी मेहनत पाण्यात जाईल,’ ही भीती प्रत्येक खेळाडूला छळते. ती कितपत खरी? १९८४ साली अमेरिकेत कॉइल आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंना ८४ दिवस सराव बंद करायला लावला. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या भाषेत ‘दम’, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटला आणि आठ आठवड्यांत १६ टक्के. तिथून पुढे तो स्थिरावला. तरीही तो कधी व्यायाम न केलेल्या माणसापेक्षा वरच होता. ही तर संपूर्ण बंदीची गोष्ट. हलके पोहणे-चालणे चालू ठेवणाऱ्याचे नुकसान याहून पुष्कळच कमी.

खरा शत्रू विश्रांती नव्हे, तर अंथरूण. १९६६ साली डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे सक्तीने बिछान्यात ठेवण्यात आले. त्यांचा दम चौथाईहून अधिक घसरला. पुढे तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासले, तेव्हा आढळले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने केले होते! त्याहूनही आशादायक गोष्ट पुढे आहे. सहा महिन्यांच्या बेताच्या सरावाने या पन्नाशीच्या गृहस्थांचा दम विशीतल्या मूळ पातळीवर परत आला. ज्यांच्या पदकावर धूळ बसून पोट पुढे आले आहे, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

टिकवण्याचे गणित

मिळवण्यास जितके कष्ट लागतात, तितके टिकवण्यास लागत नाहीत, ही निसर्गाची मोठी कृपा आहे. शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत याचा नीट हिशेब मांडला. आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे असा दहा आठवडे कसून सराव केलेल्या लोकांना त्यांनी पुढे पंधरा आठवडे सराव कमी करायला सांगितला. सहा दिवसांचे दोन दिवस केले, तरी दम टिकला. चाळीस मिनिटांची तेरा मिनिटे केली, तरी टिकला. पण दिवस आणि मिनिटे तीच ठेवून जोर कमी केला, तेव्हा मात्र तो घसरला.

याचा व्यावहारिक अर्थ असा. शर्यतीसाठी आठवड्याला बारा-पंधरा तास देणाऱ्या माणसाला नंतर वर्षभर चार-पाच तासांत आपली प्रकृती उत्तम ठेवता येते. त्यांतले दोन दिवस थोडा वेळ तरी घाम फोडणारे, धाप लावणारे असावे; उरलेले दिवस रमतगमत. जागतिक आरोग्य संघटना सर्वसामान्य प्रौढाला आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. तो हिशेब यात सहज बसतो.

स्नायूंच्या व्यायामाकडे हे नवे लोहपुरुष बहुधा पाठ फिरवतात. पोहण्यात आणि सायकलीत हाडांवर भार पडत नाही, आणि वाढत्या वयात हाडे ठिसूळ होत जातात. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्यांचा घरोघरी प्रसार केला ते सूर्यनमस्कार, तालमीतले जोर आणि बैठका, एवढा आपला वारसा पुरेसा आहे. आणि आपल्या जुन्या वस्तादांना मेहनतीइतकेच खुराक आणि मालीश-विश्रांतीचेही महत्त्व ठाऊक होते, हेही इथे विसरू नये.

स्त्री-खेळाडूंसाठी दोन शब्द. मेहनतीच्या मानाने आहार तोकडा पडला तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. ‘व्यायामामुळे असे होतेच’ म्हणून ते सोडून देऊ नये. हाडे झिजू लागल्याची ती पूर्वसूचना असू शकते. घरातल्या सर्वांना वाढून उरेल ते आपण खाऊ, ही आपल्या गृहिणींची रीत इथे अजिबात चालायची नाही.

घरच्यांचे देणे

शेवटी एक हिशेब राहतो. शर्यतीत धावतो एकटा, पण तिची किंमत सारे घर मोजते. पहाटेचा चहा कुणीतरी केलेला असतो, रविवारची मुलांची सहल कुणीतरी रद्द केलेली असते, सासूबाईंच्या औषधाची फेरी कुणीतरी एकटीने मारलेली असते. शर्यतीनंतरचे सहा आठवडे हे देणे फेडण्यासाठी फार सोयीचे. मुलीला सायकल शिकवावी, आई-वडिलांना घेऊन टेकडीवर सावकाश चालून यावे, पत्नीला पोहायला शिकायचे असेल तर तलावाकाठी आपण उभे राहावे. यात आपली विश्रांती होते आणि घरालाही व्यायामाची गोडी लागते. ज्या घरात एकटाच धावतो, त्या घरातले धावणे बहुधा एका पदकावर थांबते. जिथे सारे मिळून चालतात, तिथे ते वर्षानुवर्षे टिकते.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी लोहपुरुष किंवा लोहस्त्री परतली असेल, त्यांनी फराळाचे ताट मोकळ्या मनाने पुढे करावे. दोन लाडू जास्त गेले तरी हरकत नाही. कोठार भरायचेच आहे. मात्र भाऊबीज होईस्तोवर बुटांच्या नाड्या बांधू देऊ नयेत!